जुन्या चेरोकीचा स्टीअरिंग पंप: बोल्ट सोपे, हवा चिवट

सकाळी गाडी चालू केली, स्टीअरिंग वळवलं आणि बॉनेटखालून कण्हल्यासारखा आवाज आला, की "पंप गेला" असं निदान ठरलेलंच. जीप चेरोकीची एक्सजे ही पिढी 1984 ते 2001 या काळात बनली. त्यातल्या चार लिटरच्या सहा सिलिंडरी इंजिनाच्या बाबतीत हे निदान बरेचदा घाईचं ठरतं. आवाज पंपातूनच येत असतो, पण दोष बेल्टचा, तेलाच्या पातळीचा किंवा एखाद्या सैल क्लॅम्पचाही असू शकतो.

स्टीअरिंग वळवायला तेलाच्या दाबाने मदत करणाऱ्या या पंपाच्या पोटात एक रोटर, म्हणजे फिरता गाभा, असतो. त्याच्या खाचांमध्ये पातळ पाती सरकती बसवलेली असतात. भोवतालची पोकळी लंबगोल असते. रोटर फिरला की पाती बाहेर फेकली जातात आणि भिंतीला घासत फिरतात. जिथे जागा रुंदावते तिथे तेल ओढलं जातं, जिथे आकसते तिथे ढकललं जातं. स्टीअरिंग टोकापर्यंत वळवून धरलं, की तेलाला जायला वाट राहत नाही आणि दाब झपाट्याने चढतो. 1400 ते 1500 पीएसआयला (पाउंड प्रति चौरस इंच) जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो म्हणून नळ्या फुटत नाहीत. टायरमध्ये जेमतेम 32 असतो, त्यावरून अंदाज घ्या.

तेल जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून ताकद चाकांपर्यंत पोचते. त्यात हवा शिरली की ती स्प्रिंगसारखी वागते. बुडबुडे दाबाखाली फुटतात, त्यातून तो कण्हण्याचा आवाज येतो आणि आतल्या धातूचे कणही उडतात. म्हणजे कोरड्या किंवा हवेने भरलेल्या यंत्रणेत नवा कोरा पंपसुद्धा लवकर मरतो.

तेव्हा पाना हातात घेण्याआधी टाकीचं झाकण उघडून बघा. तेल फेसाळ, दुधाळ दिसलं तर हवा आहे. तेल टाकीत परत आणणाऱ्या होजचा (रबरी नळीचा) क्लॅम्प तपासा. जागेवर उभ्या गाडीत वळवताना कर्कश किंचाळी येत असेल, तर बेल्ट घसरतोय. या इंजिनात एकच लांब बेल्ट अल्टरनेटर, वॉटर पंप आणि स्टीअरिंग पंप फिरवतो, आणि डाव्या स्टीअरिंगच्या बहुतेक गाड्यांत तो ताणायला हा पंपच सरकवावा लागतो. पंपाच्या शाफ्टपाशी तेल ठिबकत असेल, किंवा तेल व ताण ठीक असूनही कण्हणं थांबत नसेल, तर मात्र पंप बदला.

एअर फिल्टरचा डबा काढला की हात जायला जागा होते. पंपाचे मागचे बोल्ट सैल करा, ताणाचा बोल्ट उलटा फिरवा आणि बेल्ट उतरवा. त्याआधी त्याचा मार्ग मोबाइलवर टिपून ठेवा. बेल्ट चुकीच्या वाटेने घातला तर वॉटर पंप उलटा फिरतो, इंजिन तापतं आणि बिचाऱ्या रेडिएटरवर आळ येतो. खाली तसराळं ठेवून दोन्ही होज सोडवा. दाबाच्या नळीचा नट फ्लेअर नट पान्यानेच (नटाला जवळजवळ सगळ्या बाजूंनी धरणारा पाना) सोडा, साधा पाना त्याचे कोपरे गोल करतो. पुढचे तीन बोल्ट पुलीच्या भोकांतून सॉकेट घालून निघतात.

खरी परीक्षा पुलीची. ती शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते, नट नसतो. नवा पंप बहुधा पुलीशिवाय येतो, म्हणून जुनी काढून त्यावर चढवावी लागते. काढताना पुलीच्या मानेवरच्या कडेला धरणारा पुलर वापरा. तीन नख्यांचा साधा पुलर पत्र्याचा काठ वाकवतो, मग बेल्ट डुगडुगतो. बसवताना हातोडा अजिबात नको. प्रत्येक घाव शाफ्टमधून थेट आतल्या रोटरवर बसतो आणि नवा पंप गाडीला लागण्याआधीच बाद होतो. शाफ्टच्या टोकात आटे असतात, त्यात बसवणीचं हत्यार फिरवून पुली हळूहळू ओढून घ्यायची. पुलीचं तोंड शाफ्टच्या टोकाशी बोटाला सपाट लागलं की थांबा. दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा बेल्टला तिरका चालवतो.

प्लॅस्टिकची टाकी क्लिपांनी पंपाला बसते, तीही जुनीच नव्यावर येते. तिची ओ-रिंग (गळती रोखणारं रबरी कडं) मात्र नवी, तेलाचं बोट लावून घाला. इथे कंजुषी केली तर गळती ठरलेली. बेल्टचा ताण नव्या बेल्टला 180 ते 200 पाउंड, वापरलेल्या बेल्टला 140 ते 160. जास्त कसलात तर पंपाबरोबर वॉटर पंपाचं बेअरिंगही जातं.

जुनं तेल काळं असेल तर ते पातींचे कण घेऊन फिरत असतं. परतीचा होज बाटलीत सोडा, टाकीवरची त्या होजची तोटी बंद करा, पुढची चाकं जॅक स्टँडवर घ्या आणि इंजिन बंद ठेवून एकाने स्टीअरिंग फिरवायचं, दुसऱ्याने तेल ओतत राहायचं. दोन लिटर पॉवर स्टीअरिंग फ्लुइड जवळ ठेवा. गिअरबॉक्सचं एटीएफ यात चालत नाही.

हवा काढायला घाई केली की सगळी मेहनत वाया. होज जोडून टाकी भरा, दोन मिनिटं थांबा. इंजिन काही सेकंदच चालवून बंद करा आणि पातळी पुन्हा भरा. ती उतरायची थांबेपर्यंत हेच. मग चाकं उचललेलीच ठेवून, इंजिन बंद असताना, स्टीअरिंग दोन्हीकडे सावकाश किमान वीस वेळा फिरवा. टोकाला नुसतं टेकवा, दाबून धरू नका. तेल फेसाळलं तर पंधरा-वीस मिनिटं तसंच सोडून चहा प्या, बुडबुडे आपोआप वर येतात. त्यानंतरच चाकं जमिनीवर टेकवून इंजिन चालू करा आणि एकदा इकडे, एकदा तिकडे वळवा. पहिली काही मिनिटं थोडं कण्हणं राहिलं तर घाबरू नका. शंभर-दीडशे किलोमीटरनंतर, इंजिन थंड असताना, पातळी, बेल्टचा ताण आणि दाबाच्या नळीचा नट पुन्हा एकदा बघा.