फाइलीवरचा ‘एफ २०’ कुठून आला?

मनोरुग्णालयातून रुग्णाला घरी सोडताना जो कागद हातात पडतो, त्यावर आजाराच्या नावाशेजारी बहुधा एक छोटा संकेतांक असतो. एफ २० म्हणजे स्किझोफ्रेनिया, एफ ३२ म्हणजे नैराश्य, एफ ४२ म्हणजे ज्याला आपण मंत्रचळ म्हणतो तो. विम्यासाठी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी नातेवाईक हा कागद जपून ठेवतात. त्या संकेतांकामागे शतकभराहून जुनं भांडण आहे.

वेडाचे प्रकार पाडणं मात्र त्याहून कितीतरी जुनं. चरकसंहितेत उन्माद पाच प्रकारचा सांगितला आहे: वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुक. आगंतुक म्हणजे बाहेरून आलेला. आपल्याकडे आजही दबक्या आवाजात ‘बाहेरचं असेल’ म्हणतात, त्याच जातीचा. चरकाची ही विभागणी कारणावर उभी आहे. ते कारण खरं की खोटं हा पुढचा प्रश्न, पण प्रत्येक प्रकाराला कारण होतं. आधुनिक मनोविकारशास्त्र अडलं ते इथेच. कारणच हाती लागत नसेल, तर प्रकार पाडायचे कशावरून?

यावर तोड काढली जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी. रुग्ण आज काय बडबडतो यापेक्षा पुढच्या काही वर्षांत त्याचं काय होतं, याकडे त्यांनी लक्ष दिलं. हायडलबर्गला असताना ते प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड करत आणि रुग्ण घरी गेल्यावरही त्याची माहिती मिळवून कार्डावर भर घालत. या कार्डांच्या ढिगातून त्यांना दोन वाटा दिसू लागल्या. काही रुग्ण येत, सावरत, पुन्हा येत. काही मात्र हळूहळू खचतच जात. १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत त्यांनी या दोन वाटा ठळकपणे वेगळ्या केल्या. पहिलीतून आजचा बायपोलर विकार (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाचं नैराश्य) निघाला. दुसरीला १९०८ साली स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव दिलं. त्याचा शब्दशः अर्थ दुभंगलेलं मन, म्हणून मराठीत छिन्नमनस्कता. या शब्दाने आपली फार दिशाभूल केली. एका देहात दोन माणसं राहतात तो आजार हाच, अशी समजूत सिनेमावाल्यांनी करून घेतली आणि प्रेक्षकांनीही.

क्रेपलिन यांना आशा होती की आज पाडलेल्या या गटांची कारणं उद्या मेंदूत सापडतील. एका आजाराचं कारण सापडलंही. भव्यतेचे भ्रम, मग लकवा आणि मृत्यू, अशा क्रमाने जाणाऱ्या ‘जनरल पॅरेसिस’चे रुग्ण तेव्हा वेड्यांच्या इस्पितळांत मोठ्या संख्येने असत. १९१३ साली हिदेयो नोगुची आणि जे. डब्ल्यू. मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत सिफिलिसचे जंतू दाखवले. पुढे पेनिसिलिन आलं आणि हा आजार मनोविकारांच्या वॉर्डातून जवळजवळ नाहीसा झाला. १८८० च्या अमेरिकी जनगणनेत वेडाचे सात प्रकार मोजले होते, त्यात पॅरेसिसही होता आणि अपस्मारही. अपस्मार आता मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेला आहे. म्हणजे कारण सापडलं की आजार यादीतून निघून जातो, आणि यादीत उरतात ते कारण न सापडलेले.

अशा उरलेल्यांवर डॉक्टरांचं एकमत कसं व्हावं? साठच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान धडाधड होत होतं, लंडनमध्ये त्या मानाने फार कमी. अमेरिकी वेगळ्या तऱ्हेने वेडे होतात की काय, हे पाहायला संशोधकांनी दोन्हीकडच्या इस्पितळांतले रुग्ण एकाच पद्धतीने तपासले. फरक बराचसा विरघळला. रुग्ण सारखेच होते, डॉक्टर वेगळे होते. याच कामात रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतल्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवल्या. त्यातल्या एका तरुणाला ६९ टक्के अमेरिकी डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया ठरवला, ब्रिटिशांपैकी फक्त २ टक्क्यांनी. एव्हाना बायपोलर विकारातल्या टोकाच्या उत्साहावर लिथियम लागू पडतं हे कळलं होतं, त्यामुळे नाव चुकलं तर औषधही चुकणार होतं. जागतिक आरोग्य संघटनेने याच सुमारास नऊ देशांत स्किझोफ्रेनियाची एकसारखी पाहणी हाती घेतली. भारतातलं केंद्र होतं आग्रा.

१९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या ‘डीएसएम’ या नियमावलीची तिसरी आवृत्ती काढली. रॉबर्ट स्पिट्झर तिचे कर्तेधर्ते. कारणांचा वाद बाजूला ठेवून तिने लक्षणांची यादी, त्यांतली किमान किती हवीत आणि किती दिवस टिकायला हवीत, एवढंच ठरवून दिलं. निदानं जुळू लागली. मला हा फायदा मोठा वाटतो, पण तो घड्याळं एकमेकांशी जुळवण्यासारखा आहे. खरी वेळ काय, हे त्यातून कळत नाही.

यादीत काय असावं हे समाजही ठरवतो. समलैंगिकता १९७३ च्या डिसेंबरात अमेरिकी यादीतून काढली गेली, त्यावर पुढच्या वर्षी संघटनेच्या सभासदांचं मतदान झालं: ५,८५४ मतं निर्णयाच्या बाजूने, ३,८१० विरोधात. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजार ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी’ या आजारांच्या यादीसारखे (एफ २० हा संकेतांक तिच्यातलाच) मान्य निकष वापरायला सांगितलं आहे, आणि समाजाची नैतिक वा धार्मिक मूल्यं कुणी पाळत नाही एवढ्यावरून त्याला आजारी ठरवायला मनाई केली आहे.

आयसीडीची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात एफ २० चा ६ए२० झाला, आणि न ओसरणारा शोक हा नवा विकार आला. हा शोक आजार कधी म्हणायचा, तर माणूस गेल्यावर किमान सहा महिन्यांनी, आणि तोही आपल्या समाजाच्या रीतीपेक्षा स्पष्टपणे जास्त असेल तर. त्याच वर्षीच्या सुधारित डीएसएममध्ये प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. आपल्याकडे वर्षश्राद्ध होईपर्यंत कित्येक घरांत सणाला गोडधोड करत नाहीत.