स्लाइडवरची मोजणी आणि स्टिरिऑलॉजी

ठाणे-नवी मुंबईतील पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर प्रबंध चाळताना एक विधान हटकून आढळते: दहा हाय पॉवर फील्ड (सूक्ष्मदर्शकाच्या मोठ्या भिंगाखाली एका वेळी दिसणारी क्षेत्रे) मोजली आणि स्टिरिऑलॉजीने (सपाट कापांवरून त्रिमितीय रचना मोजण्याच्या शास्त्राने) संख्या काढली. यातील पहिला भाग खरा असतो, दुसरा नसतो. मोजणी डोळ्यांनी केली की सॉफ्टवेअरने, हा भेद किरकोळ आहे. ट्यूमरच्या ग्रेडिंगसाठी स्लाइडवर मायटोसिस (विभाजन होत असलेल्या पेशी) मोजणेही योग्यच, कारण तेथील निकष त्याच मोजणीवर बेतलेले आहेत.

घोळ होतो तो येथे: सेक्शनवर (ऊतीच्या पातळ कापावर) दिसतो तो ग्लोमेरुलस (मूत्रपिंडातील रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गुच्छ) नव्हे, त्याचा एक काप असतो, आणि ग्लोमेरुलस जितका मोठा, तितक्या अधिक सेक्शनमध्ये तो सापडतो. २०० मायक्रॉन व्यासाचा ग्लोमेरुलस ५ मायक्रॉनच्या सलग सुमारे ४० सेक्शनमध्ये दिसतो. तोच वाढून ३०० मायक्रॉनचा झाला की सुमारे ६० मध्ये. मूत्रपिंडाचे आकारमान तेच, ग्लोमेरुलसही तेवढेच, तरी स्लाइडवर ते जवळपास दीडपट भरतात आणि प्रबंधात ‘संख्येत लक्षणीय वाढ’ नोंदवली जाते. फील्ड वाढवणे हा यावरचा उपाय नव्हे. शंभर फील्ड मोजली तर तेच चुकीचे उत्तर अधिक ठामपणे मिळते. ॲबरक्रॉम्बी यांचे १९४६ चे दुरुस्तीसूत्रही मला पुरेसे वाटत नाही, कारण कणांची सरासरी उंची त्यात आधीच ठाऊक असावी लागते, आणि ती बहुधा अंदाजाने घातली जाते.

१९८४ मध्ये डी. सी. स्टेरिओ या टोपणनावाने मांडलेला डायसेक्टर या अडचणीच्या मुळाशी जातो. ठाऊक अंतरावरचे दोन समांतर सेक्शन घ्यावेत आणि पहिल्यात दिसणारे, पण दुसऱ्यात न दिसणारे ग्लोमेरुलसच मोजावेत. प्रत्येकाचा शेवट एकदाच येत असल्यामुळे लहान असो वा मोठा, तो एकदाच मोजला जातो. मात्र अंतर इतके कमी हवे, की मधल्या जागेत आख्खा ग्लोमेरुलस निसटू नये.

यातून मिळते ती घनता, म्हणजे एकक आकारमानातील संख्या. मूत्रपिंड आक्रसले तरी ती वाढते, म्हणून तिला संपूर्ण अवयवाच्या आकारमानाने गुणावे लागते आणि पॅराफिन मेणात बसवताना ऊतीचे होणारे आकुंचनही ध्यानात घ्यावे लागते. फायब्रोसिसने (तंतुमय ऊतीने) व्यापलेला भाग काढायचा असेल, तर मात्र यादृच्छिक निवडलेल्या सेक्शनवर बिंदूंची जाळी ठेवून त्या भागावर पडणारे बिंदू मोजणे पुरते. क्षेत्रफळाचे प्रमाण हेच आकारमानाचे प्रमाण, हे फ्रेंच भूवैज्ञानिक डेलेस यांनी १८४७ मध्येच दाखवले.

हे सारे ग्रॉसिंगपूर्वी (अवयव कापून नमुने घेण्यापूर्वी) ठरावे लागते. हाती केवळ नीडल बायोप्सी असेल, तर प्रबंधात ‘प्रति चौरस मिलिमीटर प्रोफाइल’ (म्हणजे सेक्शनवर दिसणारे काप) एवढेच लिहावे.