पाठीच्या सावलीत जळणारा कागद

मायकेलअँजेलोची पेनने काढलेली चित्रं बघितली की हमखास कोणीतरी म्हणतं, काय सुंदर तपकिरी रंग वापरलाय. पण काढली तेव्हा ती शाई जवळपास काळी होती! आणि ती सेपिया म्हणजे समुद्री माकुळाच्या जातीच्या प्राण्यापासून मिळणारी तपकिरी शाईही नाही, चित्रकारांत सेपिया रुळली अठराव्या शतकाच्या शेवटी.

फ्लोरेन्सच्या कासा बुओनारोती या संग्रहालयात मायकेलअँजेलोने १५०४च्या सुमारास कॅशिनाच्या लढाईच्या चित्रासाठी काढलेला पाठमोरा नग्न पुरुष आहे. खरा पुरुष कसा असावा तर हर्क्युलिससारखा, तो तर फ्लोरेन्स शहराच्या सरकारी शिक्क्यावरच होता. त्या पाठीचा एकेक स्नायू बारीक रेघांच्या जाळीने उठवलाय, उजेड हवा तिथे कागद मोकळा सोडायचा आणि खोलगट भाग दाखवायचा तिथे रेघेवर रेघ मारत जायचं, म्हणजे सावली जितकी दाट तितकी शाई जास्त, हे लक्षात ठेवा.

आता शाई. मायफळ माहितीये ना, बाळगुटीतलं? ओकच्या झाडात गांधीलमाशीच्या जातीचा एक चिमुकला कीटक अंडी घालतो, त्याभोवती झाडाची गाठ येते, ती टॅनिनने, म्हणजे तुरट चवीच्या द्रव्याने गच्च भरलेली असते. ती कुटून भिजवायची, त्यात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट आणि थोडा डिंक. ताजी शाई फिकी असते, कागदावर गेली की हवेतल्या ऑक्सिजनने फेरस लोहाचं फेरिक होतं, ते टॅनिनमधून आलेल्या गॅलिक आम्लाला धरून बसतं आणि काळंकुट्ट, पाण्यात न विरघळणारं संयुग बनतं. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो तो याच लोह-टॅनिनच्या जोडीमुळे.

पण यात सल्फ्युरिक आम्लही तयार होतं, ते सेल्युलोजच्या, म्हणजे कागद ज्या तंतूंचा बनतो त्यांच्या साखळ्या तोडत राहतं, शिवाय हिराकस जास्त पडलं असेल तर उरलेलं फेरस लोह पेरॉक्साइडमधून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचे फार आक्रमक कण काढतं आणि ते कागदाला आणखी पोखरतात. काळ्या संयुगाचीही हळूहळू मोडतोड होते, म्हणून तपकिरी रंग. सगळ्यात जास्त धोका अर्थात दाट सावल्यांना, म्हणजे जिथे तो पीळदार देह सगळ्यात ताकदीने उठवलाय तिथेच कागद आधी ठिसूळ होतो, चिरतो, गळून पडतो.

  

कागद वाचवायला आता कॅल्शियम फायटेट वापरतात. धान्याच्या कोंड्यात असतं तेच फायटिक आम्ल, ते मोकळ्या लोहाला घट्ट पकडतं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्याने आम्ल मारायचं. पण यासाठी चित्र ओलं करावं लागतं, त्यामुळे प्रत्येक चित्राला हे चालत नाही.