बाह्य सूर्यमालेतील खाणकाम : परवडेल का?

गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून, त्यांचे चंद्र आणि त्यांपलीकडचे बर्फाळ पिंड येथून वायू, बर्फ किंवा हायड्रोकार्बने काढण्याची कल्पना. गुरूकडून वा त्यापलीकडून आजवर एक ग्रॅमही माल पृथ्वीवर आलेला नाही.

या प्रश्नाची गोम कोकणच्या माणसाला दुर्बिणीवाचून कळते. सिंधुदुर्गातील रेडीचे लोहखनिज फार उच्च प्रतीचे नाही, पण खाणीला लागूनच बंदर. टनाला स्वस्त पडणाऱ्या मालाचा भाव शेवटी वाहतूक ठरवते. हाच दगड घाटमाथ्यावर आडवाटेला असता, तर त्याला कोणी हात लावला असता का, शंका आहे.

शनीच्या टायटन या चंद्रावर (तापमान सुमारे उणे १७९ अंश सेल्सिअस) मिथेन-इथेनची सरोवरे आहेत. पृथ्वीवरील ज्ञात तेल-वायूसाठ्यांच्या शेकडो पट हायड्रोकार्बने तिथे असावीत, असा अंदाज कॅसिनी यानाच्या निरीक्षणांवरून २००८ मध्ये मांडला गेला. आकडा ऐकून हुरळून जाण्याचे कारण नाही. दाभोळजवळ अंजनवेलच्या टर्मिनलवर जहाजाने उतरतो तो एलएनजी म्हणजेही मुख्यतः मिथेनच, उणे १६२ अंशांना द्रवरूप केलेला. तो आखातातून आणणे परवडते. शनीहून आणणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

किलोमागे प्रचंड किंमत येईल असा एकच उमेदवार पुन्हा पुन्हा पुढे येतो : हेलियम-३, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, अणू एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याच्या (संमीलनाच्या) भट्टीचे संभाव्य इंधन. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीच्या डीडॅलस या दुसऱ्या ताऱ्याकडे जाणाऱ्या कल्पित यानाच्या आराखड्यात (१९७३–७८) ते गुरूच्या वातावरणातून मिळवायचे होते. मात्र गुरूचा मुक्तिवेग (ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणारा वेग) सेकंदाला ५९.५ किमी, शनीचा ३५.५, तर युरेनसचा २१.३. त्यामुळे युरेनस बरा ठरतो. शिवाय तिथे ढगांच्या थरात गुरुत्वाकर्षण पृथ्वीपेक्षा किंचित कमीच आहे. अडचण अशी की, हेलियमच्या दर दहा हजार अणूंत हेलियम-३ चे एखाद-दुसरे. शिवाय सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ३७० पट कमी असल्याने सगळी यंत्रे अणुऊर्जेवर चालवावी लागणार. आणि हे इंधन जाळून वीज विकणारी संमीलन भट्टी अजून कुठेच नाही. गिऱ्हाईक जन्मायचे असताना मालाचा भाव काढणे म्हणजे बाजारात तुरी.

याहून जड पडते ती मुदत. व्हॉयेजर-२ ला युरेनस गाठायला १९७७ ते १९८६ अशी साडेआठ वर्षे लागली, तीही न थांबता पुढे जाताना. जाणे, काढणे आणि परतणे मिळून वीस वर्षे धरली, तर द.सा.द.शे. १० चक्रवाढ व्याजाने मुद्दल पावणेसात पट होते. हापूसचे कलम निदान पाचव्या-सहाव्या वर्षी धरू लागते. तुलनेसाठी : पृथ्वीजवळच्या बेन्नू लघुग्रहावरून नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम नमुना आणला. मोहिमेचा खर्च १ अब्ज डॉलरांहून अधिक. ती विज्ञानाची मोहीम होती, धंद्याची नव्हे, हे खरे.

कायद्याची बाजूही सैल आहे. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला ग्रहावर मालकी सांगता येत नाही. काढलेल्या मालाचे काय, यावर देशांचे एकमत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये असा माल आपल्या नागरिकांचा मानणारा कायदा केला.

काढलेला माल तिथेच वापरायचा, हा पर्याय त्यातल्या त्यात जमणारा दिसतो. गुरूचा कॅलिस्टो हा चंद्र सर्वांत तीव्र किरणोत्सर्गी पट्ट्यांबाहेर आहे आणि त्यावर बर्फ मुबलक आहे. पाण्यापासून हायड्रोजन व ऑक्सिजन, म्हणजेच रॉकेटचे इंधन, मिळते. पण तिथे पंप टाकायचा तर आधी त्या वाटेने येणारी-जाणारी वाहने हवीत, आणि नियमित फेऱ्या करणारे आज एकही नाही.