कोकोडा: ट्रेल की ट्रॅक?

पापुआ न्यू गिनीतल्या ओवेन स्टॅन्ली पर्वतरांगेतून जाणाऱ्या या ९६ किलोमीटरच्या वाटेची 'कोकोडा ट्रेल' आणि 'कोकोडा ट्रॅक' ही दोन्ही रूढ नावं बाहेरच्यांची आहेत. डोंगरात राहणाऱ्या कोइआरी लोकांना आणि उत्तर उतारावरच्या ओरोकाइवा लोकांना अशी एकच सलग वाट ठाऊकच नव्हती. पर्जन्यवनातून गावं जोडणाऱ्या पायवाटांचं ते जाळं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी योड्डा खोऱ्यातल्या सोन्यामागे गोरे आले, पुढे वाटेच्या उत्तर टोकाच्या कोकोडा गावी सरकारी ठाणं झालं, आणि टपालही याच वाटांनी पायी जाऊ लागलं.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या जुलै ते नोव्हेंबरमध्ये, याच वाटेवर जपानी आणि ऑस्ट्रेलियन सैन्यांची लढाई झाली. नावाचा घोळ तिथूनच सुरू होतो. 'ट्रेल' हा अमेरिकी शब्द, तो वार्ताहरांनी घुसवला, आमचे जवान 'ट्रॅक'च म्हणत, असं ऑस्ट्रेलियात अनेक जण ठासून सांगतात. पण त्या वेळच्या डायऱ्यांत आणि पत्रांत दोन्ही शब्द सापडतात. लढाईनंतर पलटणींना जो रणसन्मान मिळाला, त्यावर 'ट्रेल' आहे. १९७२ मध्ये राजपत्रात अधिकृत नाव म्हणून लागलं तेही 'ट्रेल'च, आणि तेव्हा पापुआ न्यू गिनी अजून ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता, स्वातंत्र्य आलं १९७५ मध्ये. गंमत म्हणजे २००३ च्या सुमारास वाटेच्या देखभालीसाठी नेमलेल्या सरकारी संस्थेच्या नावात 'ट्रॅक' आहे! मराठीत 'पायवाट' म्हटलं की हा वादच उरत नाही, आणि मला तोच शब्द खरा वाटतो, कारण ती आधी चालणाऱ्यांची होती.

या वादात लढाईत सैन्याची ओझी वाहणारे स्थानिक मात्र मागे पडतात, याचं वाईट वाटतं. जखमींना स्ट्रेचरवरून चिखलातून खाली आणणाऱ्या या हमालांना 'देवदूत' म्हणून गौरवलं गेलं. पण जून १९४२ च्या लष्करी आदेशाने त्यांतल्या कित्येकांना सक्तीने गावातून उचललं होतं, हे क्वचितच सांगितलं जातं.

२००२ मध्ये वाटेवरच्या इसुरावा या रणभूमीवर लढाईचं स्मारक झालं, आणि तिथून पर्यटन वाढलं. २००१ च्या सुमारास वर्षाला शंभरही ट्रेकर नव्हते, २००८ मध्ये पाच हजारांच्या वर गेले. पण पैसा गावांपर्यंत नीट पोचत नव्हता. त्यामुळे दक्षिण टोकाजवळच्या प्रस्तावित तांबं-सोन्याच्या खाणीला पाठिंबा देणाऱ्या काही जमीनमालकांनी २००८ च्या सुरुवातीला वाटच अडवली. जमीन परंपरेने त्यांची, तेव्हा त्यांना अडथळा आणणारे म्हणणं मला पटत नाही. पुढे खाण झाली नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पापुआ न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियाच्या सरकारांनी वाटेच्या आणि परिसराच्या रक्षणासाठी सहमती केली.

ऑस्ट्रेलियाने हमालांसाठी स्मृतिपदक काढलं ते २००९ मध्ये, लढाईनंतर ६७ वर्षांनी. तोवर बहुतेक जण वारले होते.