नाताळच्या थंडीत ऑर्गनचा सूर का उतरतो?

थंडीत धातू आकसतो, नळी आखूड होते, म्हणून गारठलेल्या चर्चमध्ये नळ्यांत वारा सोडून वाजवल्या जाणाऱ्या ऑर्गनचा सूर चढत असणार, असं शाळेतल्या विज्ञानावरून वाटतं. होतं नेमकं उलट. सूर उतरतो, आणि चांगलाच उतरतो.

पॅरिसचं मादलेन चर्च घ्या. २५ डिसेंबर १८५८ रोजी तिथल्याच २३ वर्षांच्या ऑर्गनवादकाचं, कामीय सँ-साँसचं, ‘ओरातोरिओ द नोएल’ हे नाताळचं धार्मिक गायन पहिल्यांदा गायलं गेलं. २ आठवड्यांच्या आत लिहिलेली ही रचना ५ एकल गायक, ४ आवाजांचा वृंद, तंतुवाद्यं, हार्प आणि ऑर्गन यांच्यासाठी आहे. गळा आणि व्हायोलिन सूर जागच्या जागी सांभाळून घेतात. हार्पच्या चाळीसहून अधिक तारा लावायला वेळ जातो. ऑर्गनच्या हजारो नळ्या तर ऐन वेळी लावताच येत नाहीत. म्हणून सगळे ऑर्गनच्या मागे जातात, आणि ऑर्गन हवेच्या मागे.

ऑर्गनच्या बहुतेक नळ्या बासरीच्या जातीच्या असतात. फटीतून सुटलेला वारा ओठाच्या धारेवर आदळतो आणि नळीतला हवेचा स्तंभ कंप पावू लागतो. ध्वनिलहर नळीत किती वेगाने ये-जा करते, त्यावर सूर ठरतो. हा वेग १५ अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो, ५ अंशांना ३३४. नळी तेवढीच, पण फेरीला वेळ जास्त, म्हणून सेकंदाला कंपनं कमी. मग आकसण्याचं काय? ५ मीटरची कथील-शिशाची नळी १० अंशांच्या गारठ्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर आखूड होते, म्हणजे ०.०२५ टक्के. ध्वनीचा वेग पावणेदोन टक्क्यांनी घटतो. सत्तरपट मोठ्या परिणामापुढे आकसणं कुठच्या कुठे राहतं.

त्या नाताळनंतर २ महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १८५९ मध्ये, फ्रान्स सरकारने वाद्यं ज्यावर जुळवतात त्या ‘ला’ या स्वराची कंपनसंख्या सेकंदाला ४३५ (म्हणजे ४३५ हर्ट्झ) ठरवली, आणि शहाणपणाने तापमानही नेमून दिलं: १५ अंश. त्या तापमानाला ४३५ हर्ट्झवर लावलेला ऑर्गन ५ अंशांना ४२७ वर उतरतो. फरक अर्धस्वराच्या (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या) जवळजवळ एक तृतीयांश. वाटेत साधारण ११ अंशांना तो ४३२ वरून जातो. ‘४३२ हर्ट्झ ही विश्वाची दैवी कंपनसंख्या, तिने रोग बरे होतात’ असे संदेश आपल्याकडेही फिरतात. पारा ४ अंश खाली आला की कोणतंही दैवत न येता तो आकडा गाठता येतो!

खरा घोळ जिभेच्या नळ्यांमुळे होतो. ट्रम्पेटसारख्या आवाजाच्या या नळ्यांत पितळी जीभ थरथरते, आणि सूर मुख्यतः तिच्या लांबी-जाडीवर ठरतो. तो थंडीत फारसा हलत नाही. (१८४० च्या दशकात पॅरिसमध्येच अलेक्सांद्र दबँने घडवलेल्या हार्मोनियमचं, म्हणजे आपल्या पेटीच्या पूर्वजाचंही हेच.) आता बासरीवाल्या नळ्या ४२७ वर आणि जिभेच्या ४३५ वर एकत्र वाजल्या, तर सेकंदाला ८ ठोके, म्हणजे आवाजाचे चढउतार, ऐकू येतात आणि स्वर लरजतो. जाणकार कारागीर अशा वेळी बासरीवाल्या नळ्यांना हात लावत नाही. त्या हजारोंनी असतात आणि कडा ठोकून-वाकवून खराब होतात. तो जिभेवर दाबून बसलेली तार हलवतो. तार वर घेतली की थरथरणारा भाग लांबतो आणि सूर उतरतो.

दुसरा घोळ पेटाऱ्याचा. आवाज लहान-मोठा करण्यासाठी काही नळ्या झडपांच्या लाकडी पेटाऱ्यात ठेवलेल्या असतात. झडपा बंद ठेवल्या तर आतल्या हवेचं तापमान बाहेरच्या मागे राहतं. आत-बाहेर एका अंशाचा फरक म्हणजे ‘ला’वर ४ सेकंदांत ३ ठोके. उपाय फुकटचा आहे: वाजवत नसताना झडपा उघड्या ठेवायच्या.

मध्यरात्रीच्या मिसेला (चर्चमधल्या सामूहिक उपासनेला) तर भट्टी माणसंच पेटवतात. एक माणूस सुमारे १०० वॉट उष्णता देतो; १००० माणसं म्हणजे १०० किलोवॉट, मेणबत्त्या वेगळ्याच. गरम हवा वर जाते, आणि मादलेनचा मोठा ऑर्गन मुख्य दारावरच्या सज्जात आहे. रिकाम्या चर्चमध्ये ७ अंशांना लावलेली हार्प गर्दी जमल्यावर ४ अंशांनी तापलेल्या ऑर्गनपेक्षा अर्धस्वराच्या आठव्या हिश्शाने खाली पडते. शिवाय व्हायोलिनच्या आतड्याच्या तारा श्वासांच्या दमटपणात सूर सोडतात, ते वेगळंच. म्हणून हार्प संध्याकाळी एकदा लावायची, आणि लोक बसल्यावर ऑर्गनचा ‘ला’ घेऊन पुन्हा.