मोटारीच्या हीटरचा कोअर संगणकापर्यंत कसा पोहोचला

संगणक थंड ठेवण्यासाठी मोटारीच्या हीटरचा कोअर वापरतात, हे मराठवाड्यात पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. प्रवाशांना ऊब देण्यासाठी बनवलेला भाग थंडाव्याच्या कामी कसा येईल, हा पहिला प्रश्न. आणि मे महिन्यात पारा 42 अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या भागात मोटारीला हीटर असतो, हेच पुष्कळांच्या ध्यानात नसते. या दोन्ही शंकांचे उत्तर त्या भागाच्या रचनेत आणि इतिहासात आहे. तो इतिहास ठाऊक असला, तर कोणता कोअर घ्यावा हे ठरवणेही सोपे जाते.

हीटरचा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच. इंजिनातून आलेले गरम पाणी त्याच्या चपट्या नळ्यांतून वाहते, नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांवरून पंखा हवा फेकतो आणि पाण्यातली उष्णता हवेत जाते. आत बसलेल्या माणसाला ही ऊब वाटते, पण पाण्याच्या बाजूने पाहिले तर ते थंड होऊनच परत जाते. या रचनेचा पूर्वज 1900 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज गाडीसाठी केलेला मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर होय. त्यात 8,070 बारीक चौकोनी नळ्या होत्या. थोड्या जागेत हवेला लागणारा पृष्ठभाग जितका वाढवता येईल तितका वाढवायचा, हे त्याचे सूत्र. इंजिनाच्या पाण्यावर चालणारे हीटर पुढे थंड देशांत रुळले. अमेरिकेत नॅश कंपनीने 1938 मध्ये बाहेरची ताजी हवा तापवून आत घेणारी व्यवस्था आणली.

संगणकाकडे पाणी वेगळ्या वाटेने आले. आयबीएमच्या 1980 मधल्या 3081 या मोठ्या यंत्रात चिपांची उष्णता थंड पाण्याने वाहून नेली जात असे. घरगुती संगणकाला मात्र तेव्हा अशी काही गरज नव्हती. 1993 चा पहिला पेंटियम प्रोसेसर 15 वॅटच्या आसपास उष्णता देई आणि लहानसा पंखा त्याला पुरे. परिस्थिती बदलली ती हौशी लोकांनी प्रोसेसर ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवायला सुरुवात केल्यावर. 1998 च्या सेलेरॉन 300ए या स्वस्त चिपेचा बस-वेग (चिप आणि बाकीचे यंत्र यांच्यातल्या देवाणघेवाणीचा वेग) 66 वरून 100 मेगाहर्ट्झ केला, की ती 300 ऐवजी 450 मेगाहर्ट्झवर चाले. त्यानंतरच्या काही वर्षांत चिपांची उष्णताही झपाट्याने वाढली आणि 2004 मधल्या प्रेस्कॉट पेंटियम 4 च्या वरच्या आवृत्त्या 100 वॅटच्या पुढे गेल्या.

त्या काळात संगणकासाठी तयार रेडिएटर दुर्मीळ आणि महाग होते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी मग सुट्या भागांच्या दुकानांकडे मोर्चा वळवला. त्यांतला सर्वांत नावाजलेला कोअर 1977 च्या पॉन्टियॅक बॉनव्हिल गाडीचा. संगणकाचे 12 सेंटिमीटरचे दोन पंखे त्याच्यावर शेजारी शेजारी बसत आणि एका पंख्यापुरती जागा असेल तर शेव्हेट गाडीचा लहान कोअर घेत. गाडी बनवणाऱ्यांच्या मनात संगणक नव्हता. माप योगायोगाने जुळले आणि त्या योगायोगावर एक अख्खी पद्धत उभी राहिली. पाणी फिरवायला मत्स्यालयाचा पंप आणि चिपेवर बसवायला आतून पाणी वाहणारा तांब्याचा ठोकळा एवढे मिळाले, की संच पूर्ण होई.

हा भाग इतका पुरेसा का पडला, हे साध्या हिशेबाने कळते. समजा, एखादा हीटर 85 अंशांच्या पाण्यातून 25 अंशांच्या हवेला 5 किलोवॉट उष्णता देतो. म्हणजे दर अंशाच्या फरकामागे सुमारे 83 वॅट. संगणकाचे 150 वॅट त्यापुढे किरकोळ आहेत, त्यांना जेमतेम दोन अंशांचा फरक पुरेल. अर्थात गाडीचा पंखा जोराचा असतो आणि संगणकाचा सावकाश, त्यामुळे पाणी आणि हवा यांतला फरक दोन अंशांवर न थांबता बराच वाढतो. तरीही क्षमता हाताशी राहते. मिनिटाला 4 लिटर पाणी फिरत असेल, तर 150 वॅटने ते जेमतेम अर्धा अंश तापते, म्हणून संपूर्ण वळशात पाण्याचे तापमान जवळजवळ सारखेच असते. पाणी कोअरमध्ये जास्त वेळ थांबावे यासाठी प्रवाह मंद करण्याचा सल्ला काही जण देतात. तो चुकीचा आहे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

निवडीतला सर्वांत मोठा प्रश्न धातूचा आहे. जुने कोअर पितळी नळ्या, तांब्याच्या पत्र्या आणि डाख यांचे असत. वजन व खर्च कमी करण्यासाठी मोटार उद्योग नंतर ॲल्युमिनियमकडे वळला. ॲल्युमिनियम उष्णता चांगली वाहते, पण एकाच पाण्यात तांब्याचा ठोकळा आणि ॲल्युमिनियमचा कोअर आले, की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी ही झीज वेगवान.

मराठवाड्यात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. बोअरच्या जड पाण्याने कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या होतात. तेच पाणी संगणकाच्या बारीक नळ्यांत घालणे म्हणजे कोअर हाताने बुजवणे. तेथे डिस्टिल्ड वॉटरच हवे, आणि सोबत गंजरोधक असलेला थोडा कूलंट. गोठण्याची भीती आपल्याकडे नाही. कूलंट लागतो तो धातूच्या रक्षणासाठी. दुसरी मर्यादा हवेची. कोअर कितीही मोठा असला तरी पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड होत नाही. 42 अंशांच्या खोलीत पाणी हवेपेक्षा 10 अंश वर राहिले, तर ते 52 अंशांवर असणार. म्हणून आपल्याकडे एका पंख्याच्या कोअरपेक्षा दोन पंख्यांचा घ्यावा, आणि कूलर चालू असलेल्या खोलीतच यंत्र ठेवावे. उन्हाळी वाऱ्याबरोबर येणारी धूळ दाट पत्र्यांत चटकन अडकते, त्यामुळे विरळ पत्र्यांचा कोअर येथे जास्त दिवस टिकून काम देतो.

पुढे हार्डवेअर लॅब्ससारख्या कंपन्यांनी पंख्याच्या मापाचे तयार रेडिएटर आणले आणि 2009 मध्ये कोर्सेअरचा एच50 हा पंप, नळ्या आणि रेडिएटर आधीच जोडलेला बंदिस्त संच आल्यावर बहुतेकांची शोधाशोध थांबली. तरी ज्याला स्वतः जुळवायचे आहे, त्याने लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरच्या भंगारात कोअर पाहताना आधी कडेच्या टाक्या पाहाव्यात. त्या प्लास्टिकच्या आणि पत्रा दुमडून बसवलेल्या असतील, तर कोअर बहुधा ॲल्युमिनियमचा असतो. खरवडल्यावर लालसर किंवा पिवळा रंग दिसला तरच तो तांब्या-पितळेचा. गाडीच्या जाड तोट्या संगणकाच्या नळीला बसत नाहीत. त्या बदलून देण्याचे काम ट्रॅक्टर-ट्रकच्या जुन्या रेडिएटरांना डाख देणारा मिस्त्री सहज करू शकतो. काम झाल्यावर कोअर पाण्याच्या टबात बुडवून सायकलच्या पंपाने त्यात हलकी हवा भरावी, आणि एकही बुडबुडा येत नाही हे पाहूनच तो संगणकाच्या पेटीत न्यावा.